आक्कांच्या पंगती

आक्का बोलायला लागल्या की खाली चहाच्या गाडीवरचे लोक वर बघायचे. हुपरीच्या चांदी कारागिरांच्या घरातल्या. रोज एसटीनं कोल्हापूरला यायच्या. आमच्या छोट्या औषध-प्रयोगशाळेत त्या संख्याशास्त्रज्ञ, आणि वयानं मोठ्या म्हणून सगळ्यांच्या आक्का.

क्षयाच्या जंतूचं एक प्रथिन बंद पाडणारं रसायन आम्ही शोधत होतो. रसायनं ढीगभर, प्रथिन मोजकंच. एकेक तपासत बसलो असतो तर प्रथिन आधी संपलं असतं. म्हणून आक्का रसायनांच्या ‘पंगती’ मांडायच्या. एका नमुन्यात अनेक रसायनं, आणि प्रत्येक रसायन तीन पंगतींत, दर वेळी नव्या शेजाऱ्यांबरोबर. प्रथिन चालू असलं की नमुना पिवळा व्हायचा, बंद पडलं की पांढरा राहायचा. तिन्ही पंगती पांढऱ्या राहिल्या, की तिन्हींत असलेल्यावर संशय. “तीच दोघं परत शेजारी बसवशील तर कुणी काम केलं कळंल व्हय रं?” असं दटावायच्या. डबा खातानाही आम्हाला जागा बदलायला लावायच्या. वैताग नुसता!

मग वरून निरोप आला, महिनाअखेर काहीतरी दाखवा, नाहीतर कुलूप. आम्ही वेड्यासारखे राबलो. आणि एका रसायनाच्या तिन्ही पंगती पांढऱ्या राहिल्या. बाकीच्या सगळ्या पिवळ्या! “घावलं की रं!” म्हणत आक्कांनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

आता ते रसायन एकटं तपासायचं होतं. प्रथिनाची शेवटची कुपी उरलेली. साहेब म्हणाले, सगळं त्यातच घाला. आक्का हटून बसल्या, “निम्मं बिनरसायनाचं ठेवायचं. त्ये पिवळं झालं तरच ह्येचं पांढरं खरं.” मी चिडून हात जोडले, तरी ऐकेनात.

दोन्ही नमुने पांढरे राहिले. सारखी लाईट जाऊन फ्रीजरमध्ये प्रथिनच मेलं होतं. साहेब कळवळून म्हणाले, “आक्का, रसायनाचा नमुना तेवढा दाखवू. सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.”

“आणि उद्या कुणाच्या लेकराला ह्येच औषध म्हणून दिलं तर?” आक्कांचा आवाज फाटला. अहवालात त्यांनी लिहिलं, ‘ठरवता येत नाही.’

कुलूप लागलं. स्टँडवर त्यांना सोडायला गेलो तेव्हा राहवलं नाही. “आक्का, खरं सांगा, ते औषध होतं का हो?”

त्यांनी पदर तोंडाला लावला. “व्हतं रं बाळा. माझं मन सांगतंय, व्हतंच.”