साडूभाऊंची घडी

खानदेशात माणसं कपाशीवर जीव लावतात, केळीवर लावतात. शेवाळावर जीव लावणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे थोरले साडूभाऊ. धुळ्याच्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा खिडकीतली बाटली मी सरबत समजून तोंडाला लावली. ते शांतपणे म्हणाले, "अर्धी ठेवा. वाढायला लागेल."

बाटलीतलं ते एकाच पेशीचं शेवाळ उन्हात हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून अन्न बनवतं. हे पकडायचं काम एक एन्झाइम करतं, आणि त्याचा आकार साडूभाऊंना कॉम्प्युटरवर बांधायचा होता. पालकातल्या तशाच एन्झाइमचा आकार छापून आला होता. त्यावरून शेवाळाचा ताडायचा. एन्झाइम म्हणजे घड्या घालून बसलेली एक लांब साखळी, आणि एका जागी शेवाळाची साखळी पालकापेक्षा निराळी होती. तिथली घडी त्यांनी स्वतःच्या अंदाजाने घातली, आणि त्यात दोन वर्षं घालवली. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "भाजीला पालक आणायला पाठवावं, तर हे त्याचं चित्र घेऊन येतात."

कॉलेजात कॉम्प्युटर एकच, प्रवेशाच्या याद्यांसाठी आलेला. तो यांना रविवारी मिळे. चित्र फिरवायला लावून ते केस कापून येत, तोवर ते जेमतेम कुशीवर वळलेलं असे. त्यात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा शिंदखेड्याहून त्यांचे वडील आले. पडद्यावरचा गुंता पाहून आबांनी विचारलं, "हाई काय शे?"

"झाडाचं जेवण बनवणारं यंत्र, आबा."

"आपली कपाशीमा बी शे?"

"बठ्ठा झाडेस्मा शे," खिडकीबाहेरच्या सगळ्या झाडांकडे हात करत साडूभाऊ म्हणाले.

"मंग कपाशीनं सोडीसन शेवायनं काब्रं?"

कपाशीचं सोडून शेवाळाचं का, हा प्रश्न आबांनी साडूभाऊंच्या निवृत्तीपर्यंत सोडला नाही.

पुण्याच्या परिषदेत त्यांना जेवणानंतरची वेळ मिळाली. श्रोते सात, त्यातले चार डुलक्या घेणारे, मी पाचवा. एका तरुण संशोधक बाईंनी तेवढं विचारलं, "ही घडी बरोबर आहे, हे कसं कळणार?" साडूभाऊ खुशीत म्हणाले, "कुणीतरी खरा आकार काढेल तेव्हा. मला कळवा." परतीच्या एसटीत ते धुळ्यापर्यंत त्याच प्रश्नाबद्दल बोलत होते.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्या बाईंचं पाकीट आलं. खरा आकार सापडला होता. साडूभाऊंनी दोन्ही चित्रं ओट्यावर शेजारी मांडली आणि भिंग फिरवत राहिले.

"घडी उलटी निघाली," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बाकी सगळं जुळलंय की."

"बाकीचं पालकाचं होतं हो," ते हळूच म्हणाले. "माझी तेवढीच होती."