आमचे रविवारचे परदेशी रस्से

चार मास्तर एका कॉलनीत म्हातारे झाले की किस्से साठणारच. आमचेही साठले. पण त्यातलं खरं किती आणि मी मागाहून लिंपलेलं किती, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. मी मृदाशास्त्राचा माणूस. परभणीच्या कृषी विद्यापीठात नोकरीभर मातीचे नमुने तपासले, आणि प्रत्येक नमुना दोनदा तपासला. आठवणीचा नमुना एकदाच मिळतो.

त्यातही एका रविवारची एक बारीक गोष्ट मला काही केल्या आठवत नव्हती. बटाटे उकडल्यावर त्यांचं पाणी मी एकदा ओतून दिलं की दोनदा? वाचणाऱ्याला हसू येईल. पण माझ्या मते त्यावर एका मित्राचा जीव अवलंबून होता. म्हणून हे किस्से सांगताना मी अधूनमधून अडखळलो, तर समजून घ्या.

*

सुरुवात नलिनीबाईंनी केली. त्या वनस्पतिरोगशास्त्राच्या. ऐन उमेदीत काही वर्षं इथिओपियात शिकवून आल्या होत्या. निवृत्तीनंतर एका रविवारी दुपारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि तिकडचा ‘वॉट’ नावाचा रस्सा केला. कांदा तेलाशिवाय तासभर परतायचा, मग लाल तिखट, मग कोंबडी. सोबतीला तिकडची आंबवलेली पोळी. तिकडचं धान्य इथे कुठलं मिळायला? बाईंनी ज्वारीचं पीठ तीन दिवस भिजवून ठेवलं होतं. पोळी जाळीदार, मऊ आणि ओलसर झाली.

मुरली पशुसंवर्धनाचा. सोनपेठकडच्या मेंढपाळाचं पोर, घरात शाळेची पायरी चढलेला पहिला. त्याने पोळी बोटांनी दाबून पाहिली.

“बाई, ह्या भाकरीला घाम आलाय.”

मग रस्सा चाखला. दुसरी वाटी घेताना म्हणाला, “हे तर आमच्या येसराचं कालवण हाय. तुमी हितनं तिकडं नेलं, का तिकडनं हिकडं आणलं?”

बाई दोन दिवस रागावल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच येसराचा मसाला मागवून घेतला, असं मला आठवतं. चौथाही दिवस असेल.

*

दुसरा रविवार माझा. तरुणपणी मी शिष्यवृत्तीवर दोन वर्षं बुडापेस्टला होतो. तिथली घरमालकीण दर शनिवारी गुलाश करायची. ती काय काय घालायची, ते मी तेव्हाच वहीत टिपून ठेवलं होतं. वही सापडली, पण तिकडची गोड मिरची इथे नव्हती. मग ब्याडगी किती घ्यावी, हा प्रश्न पडला. मी प्रयोगशाळेतून निवृत्त झालो असलो तरी घरी एक छोटा तराजू होता. मीठ, मिरची, जिरं, सगळं ग्रॅममध्ये. शंका आली की पुन्हा मोजायचं.

दुपारचे तीन वाजले. पाहुणे दिवाणखान्यात कोरडे बसलेले. शेवटी सय्यद सर स्वयंपाकघराच्या दारात आले. ते कृषी अभियांत्रिकीचे, इराणमध्ये काम करून आलेले, आमच्यात सगळ्यात मवाळ बोलणारे.

“सर, ये सालन हय या थीसिस? जमा कब करते?”

सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली की थीसिसलाही यांना सहा वर्षं लागली होती.

*

सय्यद सरांनी इराणी रस्सा केला तो पालेभाज्यांचा. मेथी, कोथिंबीर, पातीचा कांदा आणि वाळवलेली अख्खी लिंबं. त्या लिंबांसाठी त्यांनी मे महिनाभर गच्ची अडवून ठेवली होती. घरच्यांना कुरडया घालायला जागा राहिली नव्हती. रस्सा काळपट हिरवा आणि चांगलाच कडवट. आम्ही चौघं माना खाली घालून जेवत होतो. कोणीतरी बोलायला हवं होतं.

“सय्यदभाई,” मुरली म्हणाला, “चव लय चांगली हाय. खाली उतरून गेल्यावर कळायलीय.”

सय्यद सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मुरलीशिवाय हे त्यांना कोणीच ऐकवू शकलं नसतं.

*

मुरलीचा रविवार आला तेव्हा तो म्हणाला, “मी कोणच्या देशाचं करू? मला पासपोर्ट बी न्हाई.”

तरी त्याने आम्हाला पिंगळीजवळच्या त्याच्या शेतात नेलं. तीन दगड मांडले, त्यावर मडकं. मटण, हळद, मीठ, तिखट आणि दाटपणाला शेवटी मूठभर ज्वारीचं पीठ. बस. त्याचा बाप मेंढरं घेऊन गोदाकाठाने फिरायचा तेव्हा असंच करायचा, म्हणाला. एरवी मटण नशिबात नसायचं. मेंढरू पाय मोडून बसलं तरच.

नलिनीबाईंनी वही काढली आणि देशाचं नाव काय लिहू म्हणून विचारलं.

“लिहा, सोनपेठपासून पुढं.”

इतक्या वर्षांत इतकं चांगलं मी क्वचित जेवलोय. पण त्या दिवशी मुरली स्वतः जेवला नाही. भूकच लागत नाही म्हणाला. उठताना त्याच्या सुजलेल्या पायांवर चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल उमटलेला होता आणि तो भरून येत नव्हता. ते नलिनीबाईंनी पाहिलं. मीही पाहिलं असेल. दवाखान्यात दाखव म्हणून बोलल्या त्या.

*

मुरलीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. प्यायचं पाणी मोजून. दवाखान्याने दिलेला तक्ता वहिनींनी, म्हणजे मुरलीच्या बायकोने, देवघराशेजारी लावला. टोमॅटो नाही, बटाटा नाही, नारळपाणी नाही, केळं नाही. डाळ नावापुरती.

आम्ही तिघांनी ठरवलं की आता रविवार बंद. त्याच्यासमोर कसं जेवायचं? हे सांगायला मीच गेलो. तो खाटेवर बसून ऐकत होता.

“सर, तुमी बंद केलं तर मला वाटंल, डॉक्टर सांगायलेत त्याच्यापेक्षा जास्त झालंय.”

रविवार चालू राहिले. फक्त प्रत्येक देशात आता दुधी भोपळा आला. इथिओपियाचा दुधी, इराणचा दुधी, हंगेरीचा दुधी. मुरलीला मोजून अर्धी वाटी. तो वाटी नाकाशी धरून आधी वास घ्यायचा, डोळे मिटून. मग म्हणायचा, “ह्या दुध्यानं समदं जग बघितलं. मी हाय तितंच हाय.”

*

आता तो रविवार.

मुरली फोनवर परदेशी बायांचे स्वयंपाकाचे व्हिडिओ बघत बसायचा. भाषा कळत नव्हती, पण हात कळायचे. आयर्लंडमधली कोणी एक म्हातारी त्याला सापडली. मेंढीचं मटण, कांदा आणि बटाटे, एवढंच. तो व्हिडिओ त्याने मला चार वेळा दाखवला.

“बघा सर, हिनं मेंढरूच घातलंय. बाहेर पाऊस, मागं मेंढरं. ही आपल्यातलीच बाई हाय.” मग हळूच म्हणाला, “एक बटाटा, सर. एकच. वर्ष झालं.”

बटाटा म्हणजे पोटॅशियम. किडनी गेलेल्या माणसाच्या रक्तात ते साठतं आणि हृदय बंद पाडू शकतं. मी जन्मभर शेतकऱ्यांना पालाश घाला, पालाश घाला सांगत आलो. पालाश म्हणजे तेच. आता ते काढायचं कसं, याची मी आठवडाभर पुस्तकं वाचली. बटाट्याच्या बारीक फोडी करायच्या, भरपूर पाण्यात उकडायच्या, ते पाणी टाकून द्यायचं, नव्या पाण्यात पुन्हा उकडायच्या, तेही टाकायचं. बरंचसं पोटॅशियम पाण्याबरोबर जातं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं नीट करणार असाल तर क्वचित, थोडंसं चालेल.

सुमनला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला पातेलंच चुलीवर ठेवू दिलं नसतं. बटाटे मी बघतो, तू मटण बघ, एवढंच म्हणालो.

पहिलं पाणी ओतलेलं मला लख्ख आठवतं. चष्म्यावर वाफ आली होती. मग फोन वाजला. नलिनीबाईंचा होता, मुरलीला आणायला ऑटो सांगू का म्हणून. बोलून परत आलो तेव्हा फोडी चाळणीत निथळत होत्या. त्या पहिल्या पाण्यातून काढलेल्या की दुसऱ्या? तेव्हा मला हा प्रश्न पडला नाही. म्हणजे तेव्हा मला माहीत असणार, असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो.

मुरलीने अर्धी वाटी खाल्ली. मग वाटी पुढे केली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मी वाढलं. मीच वाढलं.

“त्या बाईला फोन लावा, सर,” तो म्हणाला. “सांगा, परभणीत जमलं म्हणून.”

*

मंगळवारी सकाळी ऑटो दाराशी उभी होती. डायलिसिसला जायचं म्हणून मुरली चप्पल घालायला वाकला, तो उठलाच नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. शनिवार ते मंगळवार हा मोठा खंड असतो, अशा रुग्णांत होतं कधी कधी. मी विचारलं, कशाने? ते म्हणाले, सर, कशानेही.

आमच्याकडे माणूस गेला की त्या घरी चूल पेटत नाही. सोयरे भाकरी-पिठलं घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. आम्ही सोयरे नव्हतो. तरी सय्यद सरांच्या घरून भाकरी आल्या, नलिनीबाईंनी पिठलं केलं आणि आम्ही तिघं डबे घेऊन गेलो. वहिनींनी सय्यद सरांच्या डब्यातली भाकरी मोडली, तोंडाशी नेली आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

“रविवारी पोटभर जेवले, सर. लय दिवसांनी. तुमच्या हातचं जेवूनच गेले.”

मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. सगळ्यांना वाटलं, मित्र गेला म्हणून.

*

त्यानंतर रविवार झाले नाहीत. नलिनीबाई लेकीकडे पुण्याला गेल्या, सय्यद सर मुलाकडे हैदराबादला.

मी मात्र बटाटे उकडत राहिलो. सुमन देवळात किंवा बहिणीकडे गेली की एकदा उकडलेल्या फोडी एका वाटीत, दोनदा उकडलेल्या दुसऱ्या वाटीत. चाखून बघायचो. त्या रविवारची चव कोणती? दोनदा उकडलेली फोड पिठूळ होते, तिला चव उरत नाही. आणि त्या दिवशीचा रस्सा तर दाट होता, चवदार होता. म्हणजे एकदाच ओतलं असणार. पण मग रस्सा मटणामुळे चवदार झाला असेल, असंही वाटायचं. प्रयोग कितीदाही करा, निष्कर्ष निघत नव्हता. सुमनला विचारावं असं अनेकदा मनात आलं. पण विचारायचं तर का विचारतोय तेही सांगावं लागलं असतं.

एकदा धीर करून मी हे सगळं फोनवर सय्यद सरांना सांगितलं.

“सर,” ते म्हणाले, “तुम्ही मिठाची चिमूट दोनदा मोजणारा आदमी. पाणी एकदाच ओतणं तुम्हाला जमलंच नसतं.”

त्या आठवड्यात मला बरी झोप लागली.

*

आता सुमनला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. मोतीबिंदू नाही, मागचा पडदाच गेलाय. त्यामुळे चिरणं-शिजवणं माझ्याकडे आणि ती ओट्याजवळ स्टुलावर बसून सूचना देते. गेल्या महिन्यात नात यायची होती, म्हणून मी बटाटे उकडले आणि पाणी बेसिनमध्ये ओतायला लागलो. आवाज ऐकून ती ताडकन म्हणाली,

“अहो, पाणी टाकायलात का?”

मी हो म्हणालो.

“तुमची ही सवय काही जात नाही. मुरलीभावजींचा रस्सा केला त्या दिवशीही तुम्ही असेच ओतत सुटला होतात. एकदा ओतलंत, वर परत ओतायला दुसरं पाणी चढवलंत.”

मी गॅस बंद केला. तिला म्हणालो, दोनदा? तुला नक्की आठवतं?

“न आठवायला काय झालं? दोन्ही वेळा चाळणीखाली पातेलं सरकवलं होतं मी. तुम्ही फोनवर होतात, तेव्हा दुसरं पाणी मीच निथळलं. बटाट्याचं सगळं सत्त्व त्या पाण्यात. मटण त्याच्यातच शिजवलं. एवढा आजारी माणूस, वर्षाने चवीचं मागून खातोय, त्याच्या अंगी लागायला नको?”

नातीसाठी काढलेल्या फोडी हातातल्या चाळणीत गार होत होत्या.

“दोन्ही वेळचं?” मी विचारलं.

“दोन्ही वेळचं,” सुमन म्हणाली. “उगाच का वाटी पुढे केली त्यांनी परत?”