लाल दोऱ्याने शिवलेली पुस्तिका

नामांतराच्या काळात मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्याबद्दल तेव्हाच छापलेल्या पुस्तिका आणि पत्रकं मी बरीच वर्षं गोळा करतो आहे. यंदा भाद्रपदात परळीच्या एका रद्दीवाल्याचा फोन आला आणि मी रेल्वेचं तिकीट काढलं.

परळीत स्टेशनजवळचे लॉज साधे पण बरे आहेत. खिडकी मात्र बंद ठेवा, नाहीतर चादरीवर वीजकेंद्राची राख बसते. रद्दीवाल्याने फडक्यातून पुस्तिका काढली. कव्हर नव्हतं, त्यामुळे लेखक, छापखाना, साल काहीच कळेना. पाठीला लाल दोऱ्याचे जाड टाके होते.

"काय करता हो ह्याचं? पुड्या बी होत न्हाईत ह्याच्या."

"म्हणूनच उरली असेल."

"मग लई महाग हाय," तो म्हणाला आणि काट्याकडे न बघता भाव सांगितला. मी घासाघीस केली नाही.

मजकुरात धारूर तालुक्यातल्या एका गावाचं नाव होतं. तिथे कुणाकडे कव्हर असेल, या आशेने दुसऱ्या दिवशी एसटी धरली. तेलगावनंतरचा घाट अरुंद आहे. मळमळत असेल तर पुढे बसा. धारूरला स्टँडजवळ भाकरी-ठेचा खाऊन घ्या आणि रिक्षा जाऊन-येऊन ठरवा. गावाचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांची घरं जळली आणि ज्यांनी जाळली, दोघांचीही नातवंडं तिथे अजून शेजारी राहतात.

बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं. पावसाळाभर संध्याकाळी ते चालतं. व्यवस्था साठीच्या कौसाबाईंकडे. मी पुस्तिका पुढे केली. त्यांनी मजकूर पाहिलाच नाही, पाठीवरून बोट फिरवलं.

"माझ्या आईचे टाके हायत हे. गोधडीचा दोरा."

लिहिली होती त्यांच्या थोरल्या भावाने. तो आता नाही. दर वर्षावासात ती इथे वाचली जायची. मग एक शिकलेला माणूस झेरॉक्सला म्हणून घेऊन गेला, तो आलाच नाही.

"दिलीच कावून पर?" शेजारची बाई म्हणाली.

"तूच तर चहा पाजलाता त्याला."

कौसाबाईंनी पत्र्याच्या पेटीतून कव्हर आणलं. झेरॉक्सला देताना, वाटेत फाटेल म्हणून काढून ठेवलेलं. त्यावर भावाचं नाव, छापखाना, सगळं होतं. मी ज्यासाठी आलो होतो, तेच. फक्त आता पुस्तिका कुणाची, एवढा प्रश्न उरला आणि तो कुणीच विचारला नाही. त्यांनी सुई ओवली.

"धरा नीट."

मी पानं धरली, त्यांनी कव्हर शिवलं आणि पुस्तिका माझ्याच हातात दिली. "वाचा आता. आलेल्या पाव्हण्यानं वाचायचं असतंय."

मी वाचू लागलो. पेटलेल्या कणग्या, दावी कापून सोडलेल्या शेळ्या. मग जाळणाऱ्यांची नावं आली आणि माझा आवाज आपोआप खाली गेला. विहाराचं दार उघडंच होतं.

"मोठ्यानं," कौसाबाई म्हणाल्या. "नावं ऐकू जाऊ द्या की भाईर. इतकी सालं ऐकू गेली न्हाईत ती."

वाचून झाल्यावर मी पुस्तिका ग्रंथाशेजारी ठेवली आणि पिशवी उचलली. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

घरी येऊन महिना झाला. तिच्यासाठी केलेलं पाकीट कपाटात रिकामं आहे आणि ते खटकतं, खोटं कशाला बोलू. अभ्यासासाठी कुणाला ती पाहायची असेल तर मला विचारा, गावाचं नाव सांगेन. आषाढ ते आश्विन या काळात जा. आणि वाचताना आवाज खाली आणू नका.