चाळीतली महासत्ता

लालबागच्या आमच्या चाळीतलं कुणी अमेरिकेला गेलेलं नाही. तरीही तिथल्या राजकारणाची बाधा आम्हाला झाली, आणि ती आमच्या उत्सव मंडळाच्या अध्यक्षांमुळे झाली. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ येताजाता मोबाइलवर तिथल्या बातम्या लावायचे, मोठ्या आवाजात, म्हणजे आम्हालाही ज्ञान मिळावं. सुरुवातीला हसायचे. "बघा, एवढा मोठा देश, आणि निवडणुकीचा निकाल मानायचा की नाही यावर मारामाऱ्या!" मग हळूहळू हसणं थांबलं आणि मान डोलायला लागली. तिथला अध्यक्ष जुन्या मित्रदेशांना दमात घेतो, कोर्टावर डोळे वटारतो आणि वर टाळ्या घेतो, हे त्यांना फार आवडलं. पदाचं नाव एकच, म्हणजे अधिकारही तेवढेच, असा त्यांचा समज झाला असावा.

आमचा मित्रदेश म्हणजे मागची चाळ. तिथे बहुतेक घरं बौद्धांची. दोन चाळींमध्ये एक जुनी रीत होती. एप्रिलमध्ये त्यांच्या जयंतीला आमचा मंडप, आमचे स्पीकर, आमच्या खुर्च्या जायच्या. विसर्जनाला त्यांची पोरं आमच्या मिरवणुकीभोवती दोर धरायची. लालबागची ती गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला दोराचं महत्त्व सांगायला नको. दोराच्या आत आम्ही बायका, म्हातारी माणसं, कडेवरची लेकरं, आणि बाहेर ती पोरं, हात सोलवटून घेत, थेट चौपाटीपर्यंत. त्यांच्या घरात गणपती बसत नाही, तरी कुणी कधी कुरकुर केली नाही.

एका सभेत अध्यक्षांनी जाहीर केलं, "यापुढे मंडपाचं भाडं घ्यायचं. किती वर्षं आपण त्यांना पोसायचं?"

पोसायचं! मी तिथेच विचारलं, "आणि दोर धरायचं भाडं आपण त्यांना कधी दिलं?"

"वहिनी, तुम्हाला मोठं राजकारण कळत नाही."

त्या वर्षी विसर्जनाला मागच्या चाळीतली पोरं आली नाहीत, त्यांच्या जागी भाड्याचे बाउन्सर आले. काळे टी-शर्ट, काळे चष्मे, छाती पुढे. गर्दीचा लोंढा आला तेव्हा ते मूर्तीबरोबर सेल्फी काढत होते. माझी पोटुशी सून एका बंद दुकानाच्या शटरला चिकटून उभी राहिली, आणि तिच्यासमोर मी हात पसरून धक्के खात होते. इतकी घाबरले मी आयुष्यात कधी नव्हते, आणि इतकी संतापलेही नव्हते. पुढची निवडणूक लढवायची आणि मागच्या चाळीशी पुन्हा जमवायचं, हे मी त्या शटरपाशीच ठरवलं.

आमची निवडणूक म्हणजे चौकात जमून हात वर करायचे. मी जिंकले. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "हा निकाल मला मान्य नाही." इतक्या वेळा ऐकलेलं वाक्य, म्हणताना जरासुद्धा अडखळले नाहीत. तक्रार काय, तर विरार-डोंबिवलीला राहायला गेलेल्यांनी मतं दिली. आमच्याकडे माणूस विरारला गेला तरी त्याचा आरतीतला मान चाळीतच राहतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण अध्यक्षांनी तिथल्या तिथे नवा नियम काढला. "जो चाळीत झोपतो तोच चाळीचा. बाकीचे उपरे." कार्यकारिणी तोंडात गुळणी धरून बसली. दोघांनी तर टाळ्याही वाजवल्या.

पहिल्या मजल्यावर अध्यक्षांची सख्खी काकी राहते. तिने हात त्यांच्याच बाजूने वर केला होता. ती निरागसपणे म्हणाली, "मगे तू खंय निजतंस रे? माटुंग्याक झिलाकडे मा?"

चौकात असा हशा पिकला की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. मुलगा माटुंग्याच्या टॉवरमध्ये राहायला गेल्यापासून अध्यक्षही तिथेच झोपत होते. इथल्या खोलीला कुलूप, बिल्डर येईल या आशेवर. स्वतःच्याच नियमाने उपरे ठरले, तरी जाता जाता त्यांनी 'मार्गदर्शक' असं एक नवं पद मागून घेतलं आणि कार्यकारिणीने ते एकमताने दिलं. गुळणी धरणारे तेच, टाळ्या वाजवणारे तेच. आमच्या लोकशाहीत भीड फार.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन मागच्या चाळीत गेले. त्यांच्या जयंती समितीची सचिव माझी जुनी मैत्रीण, पालिकेच्या शाळेत शिकवते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. भाडं रद्द, मंडप न्या, पहिल्यासारखं सुरू करू. तिने पेढा अर्धा खाल्ला आणि अर्धा माझ्या तोंडात कोंबला. तिला खरंच आनंद झाला होता.

मग म्हणाली, "पण मंडपाचं आम्ही शिवडीच्या एकाशी कायमचं ठरवलंय. आणि आमच्या पोरांना मी आता दोर धरा म्हणून सांगणार नाही."

"अगं, ते गेले आता. मी आहे ना!"

"तू आहेस गं. तुझ्यावर माझा कसलाच राग नाही. पण पुढच्या खेपेला तुमच्याकडे कोण निवडून येईल, याची खात्री देशील मला?"

उरलेले पेढे मी तिच्या हाती ठेवले. त्यांच्या जयंतीला मी दरवर्षी पदर खोचून सरबत वाटायला उभी असायचे. 'या, बसा' असं मला तिथे कुणी कधी म्हटलं नव्हतं, म्हणायची गरजच नव्हती.

निघताना ती जिन्यापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, "जयंतीला नक्की या हं सगळे. पाहुण्यांसाठी पुढची रांग राखून ठेवते."