चालत्या गाडीत वाचायचा कागद

आमच्या थोरल्या साडूंच्या तोंडून गेल्या चाळीस वर्षांत एकही वाईट शब्द बाहेर पडलेला नाही. गैरसमज नको, शिव्या ते भरपूर देतात. उभा जन्म साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात काढलेला माणूस. उसाच्या गाड्यांच्या रांगेतून शिवी न देता घरी आला असता, तर घरच्यांनीच डॉक्टरला बोलावलं असतं. वाईट म्हणजे अशुभ. मरण, आजार, अपघात, संपलं, बुडालं, गेलं, हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. हंगाम संपला की सगळा जिल्हा ‘पट्टा पडला’ म्हणतो. आमचे साडू ‘कारखाना इसाव्याला बसला’ म्हणायचे. एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढत चढत गावात शिरलं आणि अर्धी सांगली गच्चीवर जाऊन बसली. मी साताऱ्याहून घाबरून फोन केला, तर विश्रामबागेतल्या आपल्या घरातून शांतपणे म्हणाले, “काय न्हाई, किष्णामाई जरा अंगानं भरलीया.” ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हटल्यावर मांडवाला आग लागल्याचं सांगणारा तो नाऱ्या आपल्याला माहीत आहे. साडू म्हणजे त्याचं दुसरं टोक. मांडव खरोखर पेटला तरी ते ‘मांडवात उजेड लय पडलाय’ एवढंच कळवतील.

याचं कारण साधं आहे. घराची वास्तू सारखी ‘तथास्तु’ म्हणत असते, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. साडू ते मानतात. आपण काहीबाही बोलायचं आणि नेमकं त्याच क्षणी तिने ‘तथास्तु’ म्हणायचं, हा धोका त्यांनी जन्मात पत्करला नाही. एकदा मी त्यांच्या दारातून ‘बरंय, जातो’ म्हणून निघालो. त्यांनी मला हाताला धरून परत आत नेलं, बसवलं, पाणी दिलं, माझ्याकडून ‘येतो’ म्हणवून घेतलं आणि मगच सोडलं. तोवर माझी साताऱ्याची एसटी, त्यांच्या भाषेत, ‘पुढं झाली’. समाचाराला जाणं हा तर त्यांच्यापुढचा फार मोठा पेच. इस्लामपुरात त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचे वडील वारले, तेव्हा मीही सोबत होतो. साडू तासभर बसले, खोडव्याच्या उसाला पाणी किती द्यावं यावर बोलले, आणि उठताना सवयीने म्हणाले, “येतो. असंच बोलवत जावा.” मला धरणी दुभंगावी असं झालं. पण त्या घरचा मुलगा तीन दिवसांत पहिल्यांदा हसला, हेही सांगितलं पाहिजे.

अशा माणसाला माझ्यासारखा साडू मिळावा हा दैवदुर्विलास. मी तोंडाचा फटकळ, त्यातून माझ्या जिभेवर तीळ आहे. आम्ही चौघे, म्हणजे साडू, त्यांची बायको, माझी बायको आणि मी, एकदा पाचगणीला निघालो होतो. पसरणीच्या घाटात मी सहज म्हणालो, ‘या चढाला इंजिन तापणार.’ दोन वळणांत बॉनेटमधून वाफ निघाली. साडू रस्त्याकडेच्या दगडावर बसून मला म्हणाले, “तापली न्हाई साडूभाऊ. तुमी तापवली.” तेव्हापासून मी त्यांच्या लेखी काळ्या जिभेचा. त्यांच्या घरी मी काही बोलायला तोंड उघडलं की ते घाईने माझ्यापुढे लाडवाची ताटली सरकवतात. माझं वजन वाढण्यात या श्रद्धेचा मोठा वाटा आहे.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही त्यांना ताई म्हणतो. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. पृथ्वीवर तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकवलं. स्वतः मात्र समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याच्या वाळूत उभं राहून, तोही पाठीमागे जमीन ठेवून. चारी बाजूंनी पाणीच आहे, काठ कुठेच नाही, असं एकदा बघायचं ही त्यांची जुनी इच्छा. कधीतरी बघू म्हणता म्हणता त्या निवृत्त झाल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांना कॅन्सर निघाला. मिरजेला ऑपरेशन झालं, मग औषधाच्या फेऱ्या झाल्या, केस गेले, पुन्हा आले. त्या वर्षाला आमचे साडू आजही ‘मिरजेला जात हुतो तवा’ असंच म्हणतात. इतक्या दिवसांत त्यांनी त्या आजाराचं नाव एकदाही घेतलं नाही. डॉक्टरांपुढे बसूनसुद्धा ते विचारायचे, “ह्यांचं ते कसं हाय आता?”

आणि तीन वर्षांनी ताई ठणठणीत झाल्यावर हाच माणूस एके दिवशी क्रूझचं बुकिंग करून आला. सिंगापूरहून निघणारं जहाज, चार रात्री समुद्रात. कुणाला न विचारता, मुहूर्त न बघता. मिरजेच्या डॉक्टरांनी आनंदाने परवानगी दिली, पण एक अट घातली. जहाजावर दुखलंखुपलं तर फार अवघड होतं, तेव्हा प्रवासाचा इन्शुरन्स काढा, आणि त्यात आधीचा आजार स्पष्ट लिहा; लपवलात तर त्या कागदाचा काही उपयोग नाही. त्याशिवाय जहाजावर पाय ठेवू नका, असं त्यांनी ताईंना बजावलं, आणि ताईंनीही त्यांना तसा शब्द दिला.

आता इन्शुरन्सचा कागद म्हणजे काय, हे आपण कधी शांतपणे वाचलेलं नसतं. जगातलं झाडून सगळं अशुभ तिथे ओळीने, आकडे घालून मांडलेलं असतं. बुकिंगच्या ऑफिसातली बाई समजवायला घरी आली आणि तिने सोफ्यावर बसता बसताच सुरुवात केली की, समजा काका, तुम्हाला काही झालं. साडूंनी तिला तिथेच थांबवलं. तिला दुसरं उदाहरण घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, बरं, समजा काकूंना. तेव्हा तर ते उठूनच उभे राहिले. बाई हुशार, तिने विचारलं की मग कुणाचं उदाहरण घेऊ? साडूंनी थोडा विचार केला आणि माझं नाव सुचवलं. सातारा लांब आहे, तिथवर इथल्या वास्तूचं ‘तथास्तु’ पोचत नसावं, असा त्यांचा हिशोब. ताईंनी हे सगळं मला नंतर हसत हसत सांगितलं. त्या दुपारी विश्रामबागेत माझं सामान हरवलं, मी जहाजाच्या जिन्यावरून पडलो, आणि चहा येईपर्यंत माझं दोनदा निधन झालं.

एवढं होऊनही फॉर्म भरला गेला नाहीच. तो घरात वाचायचा नाही, असं ठरलं. मग कुठे? देवळात शक्यच नव्हतं. हॉटेलात वाचावा तर ती दुसऱ्याची वास्तू, तिचं का वाईट करा? नदीच्या पुलावर उभं राहून वाचायचं तर खाली किष्णामाई ऐकत असणार. कागद पिशवीत आणि पिशवी खांद्याला, असा महिना गेला. मी फोनवर दोनदा चिडलो. म्हटलं, अहो, लिहायचं नसेल तर बुकिंग रद्द करा. तर म्हणाले, “आवं, रद्द म्हनू नका, लाडू खावा.” मी साताऱ्यात होतो, लाडू सांगलीत. ताईंचं नकाशाचं पुस्तक टेबलावर उघडं पडलेलं असायचं, ते त्यांनी एक दिवस मिटून कपाटात ठेवलं, असं माझ्या बायकोने मला सांगितलं.

फॉर्म द्यायची शेवटची तारीख सोमवारची होती. आदल्या दिवशी, रविवारी, दोघं आमच्याकडे साताऱ्यात जेवायला आलेली. दुपारी मी त्यांना माझ्या गाडीने सांगलीला सोडायला निघालो. साडू माझ्या शेजारी, बायका मागे. उंब्रजच्या आसपास साडूंनी मला विचारलं, “साडूभाऊ, चालत्या गाडीला वास्तू असती का वं?”

मी म्हटलं, घराला पाया असतो म्हणून वास्तू. गाडीला कुठला पाया? ‘तथास्तु’ म्हणेपर्यंत आपण फर्लांगभर पुढे.

त्यांना ते पटलं. पिशवीतून कागद निघाला, चष्मा चढला आणि त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तो पाऊण तास मी विसरणार नाही. आयुष्यभर गिळलेलं सगळं अशुभ त्या माणसाच्या तोंडून धो धो वाहायला लागलं. जहाजावरून पाण्यात पडल्यास! परदेशात पाय मोडल्यास! मध्येच कौतुकाने म्हणायचे, “लय डोकं चालवलंय लेकांनी.” गाडीचा वेग कमी झाला की आवाज बारीक, थांबली की एकदम चूप. तासवडेच्या टोलनाक्यावर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मलकापूरला पुलाच्या कामापाशी गाड्या तुंबल्या, तेव्हा ते ‘प्रवाशाचा मृत्यू’पर्यंत आले होते. ‘झाल्यास’ राहिलं होतं. वीस मिनिटं ते त्या शब्दावर बोट ठेवून बसले, आणि गाडी हलल्याबरोबर “झाल्यास” म्हणून त्यांनी मोठा श्वास सोडला. मागे दोघी बहिणी तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

मग वाचन संपलं आणि भरायचं आलं. साडूंचं अक्षर मोत्यासारखं. नाव, पत्ता, वय त्यांनी मांडीवर वही ठेवून झरझर लिहिलं. माझं रस्त्याकडे लक्ष होतं, पण एकाएकी पेनाची झरझर थांबली एवढं कळलं. मी वळून पाहिलं. ताईंच्या नावापुढे ‘पूर्वी झालेला आजार’ असा रकाना होता, आणि साडूंचं पेन त्यावर उभं होतं. गाडी चांगली ऐंशीने पळत होती, इथे कुठलीही वास्तू ऐकणार नव्हती. तरी त्यांच्याच्याने अक्षर उमटेना. तेव्हा माझ्या मूर्खाच्या ध्यानात आलं की महिनाभर हा माणूस अख्खा कागद टाळत नव्हता. त्याला एवढाच रकाना टाळायचा होता.

पेठ नाका आला. सांगलीला तिथून डावीकडे वळायचं. मी गाडी हळू करायला लागलो, तर साडू कागदावरची नजर न उचलता म्हणाले, “वळू नका. थांबंल गाडी. सरळ घ्या.”

मी सरळ घेतली. म्हणजे आम्ही आता कोल्हापूरच्या दिशेने निघालो होतो, विनाकारण. पुढे किणीचा टोलनाका, तिथे गाडी थांबणारच. तोवर काय ते व्हायला हवं होतं. कामेरी मागे पडलं. मला त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण पहिल्यांदाच मला माझ्या जिभेची भीती वाटली. मागून ताईंनी हात पुढे केला आणि नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. त्यांचा आवाज अगदी शाळेतला होता.

“लिहा. कॅन्सर. मी तो भोगला, तुम्हाला नुसता लिहायचाय.”

वारणेचा पूल यायच्या आत त्यांनी लिहिलं. मग कागदाची घडी घातली, चष्मा काढला, रुमालाने बराच वेळ पुसला आणि म्हणाले, “आता वळवा.”

त्या रात्री आम्ही सांगलीतच राहिलो, आणि सोमवारी मीही साडूंबरोबर गेलो. ऑफिसातल्या बाईने फॉर्म बघितला. बाकी सगळं मोत्यासारखं आणि तो एक शब्द असा वेडावाकडा का, असं तिने सहज विचारलं. साडू म्हणाले, गाडी हालत हुती. मीही मान डोलावली, म्हटलं रस्ता फार खराब आहे हो तिकडचा. खरं तर पेठ नाक्याच्या पुढचा तो तुकडा नवा केलेला होता, पोटातलं पाणी हलत नव्हतं.

दोघं जाऊन आली. जहाजावर पहिल्याच दिवशी बुडण्याची तालीम म्हणून सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालून उभं केलं, त्याचा फोटो साडूंनी मला पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘स्वेटर छान बसला’. ताईंचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. ‘चारी बाजूंनी पाहिलं. पाणी तीन भागच आहे. बरोबर शिकवलं होतं.’

परत आल्यावर मी भेटायला सांगलीला गेलो. ताई आत चहा टाकत होत्या, कपबश्यांचा आवाज येत होता. साडूंनी कपाटातून तो इन्शुरन्सचा कागद काढला, माझ्यापुढे ठेवला, आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या वास्तूत, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, “साडूभाऊ, सगळे पैसे वाया गेले.”

चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून त्या घरात असं वाक्य निघालं नव्हतं. मी चमकून बघितलं. ते हसत होते, पण डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे होते. लाडवाची ताटली मधे होती. ती त्यांनी आज माझ्याकडे न सरकवता बाजूला केली.

“तुमची जीभ काळी हाय,” ते हळूच म्हणाले. “तुमी म्हना.”

“काय म्हणू?”

“म्हना, दरसाल असंच वाया जाऊ दे.”

मी त्यांना जन्मभर चिडवत आलो आहे. वास्तू, तथास्तु, काळी जीभ, यातलं मी काहीही मानत नाही. पण त्या दिवशी मी खुर्चीत सावरून बसलो, हात जोडले आणि नीट, स्पष्ट शब्दांत म्हणालो, दरसाल असंच वाया जाऊ दे.