होळीचे जामीनदार

आगीला भिणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. आगीशी जन्माचे वैर धरलेला माणूस मात्र अकोल्यापासून अमरावतीपर्यंत एकच होऊन गेला, आणि तो माझा साडू होता. माझ्या पत्नीची थोरली बहीण, जिला आम्ही सारे आक्का म्हणत असू, ती त्यांना दिली होती. ज्या बाईची चूल कधी थंड झाली नाही तिच्याच पदरात देवाने हा नवरा घालावा, यावरून देवालाही थट्टेची आवड असावी असे दिसते. मला ती नाही. जे पाहिले तेवढेच लिहितो.

साडू कोणाच्या घरी गेले तर बसण्यापूर्वी विचारीत, "पानी कुठं भरून ठेवता जी?" यजमानाला वाटे, तहान लागली आहे. तो तांब्या पुढे करी. साडू तो तांब्या घेऊन समईजवळ नेऊन ठेवीत आणि मग स्वस्थ चित्ताने बैठकीवर टेकत. पाहुण्याने चिलीम काढली तर ते बोलणे तोडून त्या चिलमीकडे पाहत राहत. साप पाहावा तसे. आरतीच्या वेळी साऱ्यांचे हात टाळ्यांत गुंतलेले असत, यांचा उजवा हात घागरीच्या गळ्यावर असे. आक्का म्हणायची, "दुसऱ्याच्या बायका नवऱ्याले इचारून माहेरी जातात, मी इचारून चूल पेटवतो." अंत्ययात्रेला त्यांना नेहमी सर्वांत मागे ठेवीत. त्यांनी तेथे कधी काही केले नाही, हे मी साक्षीदार म्हणून सांगतो. पण चितेला अग्नी दिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी चलबिचल होई ती पाहून मयताच्या नातलगांना भरवसा वाटत नसे.

हे वेड घरापुरतेच राहिले असते. परंतु त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याची किंमत आली. ज्याने जन्मात ज्वारीशिवाय काही पेरले नव्हते त्यानेही कापूस लावला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. आमच्या कसब्याची पेठ कापसाने अशी भरली, की घरांच्या पडव्या, देवळाची ओवरी, चावडीचा ओटा, सगळीकडे पांढरे डोंगर दिसू लागले. एके दिवशी भर दुपारी एका गाडीवानाने कापसाच्या गाडीवर बसून चिलीम ओढली. गाडी वेशीत येईपर्यंत तिचा सांगाडा राहिला होता. गाडीवान व बैल वाचले. सारे गाव हळहळत उभे होते. साडू तेवढे हातात तांब्या घेऊन धावत होते. एका तांब्याने काही होणार नव्हते हे त्यांनाही ठाऊक होते. पण त्या दिवशी गावाला प्रथमच वाटले, की या माणसाचे वेड उपयोगाचे आहे.

अशा रीतीने आमच्या कसब्यातली आगमंडळी स्थापन झाली. दहाबारा गडी जमले, त्यांत मीही होतो. कोणाला वेतन नव्हते. मेळघाटातून लांब वेळू आणवून त्यांना लोहाराकडून आकड्या बसविल्या. मातीचे रांजण ठिकठिकाणी पुरले. पखालवाले चाचा आपण होऊन आले. हे वृद्ध गृहस्थ मुसलमान, पेठेत पाणी घालण्याचा त्यांचा पिढीजात धंदा, ते म्हणाले, "पानी हमारा, आग तुम्हारी." इशाऱ्यासाठी शिंग वाजवावे असे ठरले. गावात शिंग वाजविणारा इसम एकच, आणि तो लग्नांतही वाजवी, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. पहिल्याच लग्नसराईत शिंग कडाडले, मंडळी पाण्यासह धावली आणि मांडवामागे धूर दिसताच त्यांनी तो जागच्या जागी विझविला. बुंदीची भट्टी होती. मुलीचा बाप तोंड वासून म्हणाला, "आग कुठं हाय बाप्पा?" साडूंनी घाम पुसत उत्तर दिले, "ते आमी इझवली." पुढच्या महिन्यात कुंभाराचा आवा विझला. कुंभार शांत माणूस. तडकलेल्या मडक्यांकडे पाहत तो इतकेच म्हणाला, "मालक, आग लागली नवती. म्याच लावली होती."

दर बाजाराच्या दिवशी नदीच्या वाळूत मंडळीची तालीम होई. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग रचला जाई. तो पेटवावयाचा आणि विझवावयाचा, असा मूळ बेत होता. पण हातात काडी घेऊन साडू ढिगासमोर उभे राहत, घटकाभर विचार करीत आणि काडी परत पागोट्यात खोचून म्हणत, "आग लागली हाय असं समजा." आम्ही समजत असू. न लागलेल्या आगीवर आम्ही इतके पाणी ओतले, की तेथे वाळूत गवत उगवले. साडू मात्र समोर ज्वाळा दिसत असल्याप्रमाणे ओरडत. कापसाच्या आगीविषयी त्यांचे ठाम मत असे. "कापसाची आग चोरावानी रायते. वरून पानी टाकलं त हासते अन् आत जाऊन बसते. आकडी घाला, गासडी बाहीर वढा, फाडा, मंग पानी!" पेठेतले अडत्ये शेटजी लांबून हे पाहून कपाळाला हात लावीत. ओला कापूस म्हणजे वजनात लबाडी, असा पेठेत बोभाटा होतो. म्हणून पाण्याचे नाव काढले की त्यांना धडकी भरे. ते म्हणत, "आगीनं मेलो त एकदा मरीन. ह्याच्या पाण्यानं रोज मरून राहिलो."

लढाईच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. फाल्गुन आला तरी कापूस हलला नाही. गाड्यांचा तोटा पडला होता. जी गाडी मिळे ती दुसरा कोणी दामदुपटीने पळवी. वखारी भरून गासड्या पेठेच्या मोकळ्या जागेत उघड्यावर रचल्या होत्या. अर्ध्या गावाची वर्षाची कमाई तेथे पडली होती. आणि होळीची पूर्वापार जागा त्याच पेठेच्या तोंडाशी.

चावडीवर बैठक बसली. शेटजी म्हणाले, यंदा होळी नदीपलीकडे न्या. कुणबी मंडळी उसळली. होळी जागा सोडत नाही. सोडली तर गावाला बाधते. पाटलांनी साडूंकडे पाहिले. हा माणूस तर होळीच बंद करा म्हणेल, अशी सर्वांची खात्री होती. साडू उठले आणि म्हणाले, "होयी जागेवरच पेटंन."

पाटील पुढे सरकून बसले.

"पाटील, होयीनं आग लागत नाई. आग लागते ते घरी जातानी. आपल्यात घरोघरची चूल होयीच्या विस्तवानं पेटवतात का नाई? होयी नदीपलीकडं नेली त अख्खं गाव हातात विस्तव घेऊन पेठ वलांडून येईन. जागेवर पेटली त भल्लेसे लोक अलीकडच्या अलीकडं घरी जातीन. बाकीच्याइले झाकणाचं मडकं आनाले लावा. मी जामीन."

शेटजी म्हणाले, "अन् एक गासडी जरी जळली, त?"

"त आकड्या तुमच्या वखारीत आनून टाकतो. मंडळी मोडली असं समजा."

मंडळी मोडणे म्हणजे साडूंचे काय होणार, हे मला माहीत होते. त्यांना मूलबाळ नव्हते. चार वर्षे त्यांनी त्या वेळूंना स्वतःच्या हाताने तेल लावले होते.

होळीच्या दिवशी त्यांनी सकाळपासून अन्न घेतले नाही. होळीकडच्या बाजूच्या गासड्यांवर ओली गोणपाटे टाकली. गोणपाटे संपल्यावर घोंगड्या, घोंगड्या संपल्यावर स्वतःचे उपरणे. मावळतीला होळी पेटली. आम्ही गडी पाण्याची भांडी घेऊन कडे करून उभे होतो. सारे गाव बोंबा मारीत होते. साडू ज्वाळेच्या शेंड्यावर नजर लावून तोंडातल्या तोंडात काही म्हणत होते. वारा पडलेला होता. एक ठिणगी उडाली नाही. होळी बसली, बायका झाकणाची मडकी घेऊन पुढे आल्या, प्रत्येकीने विस्तव घेतला, झाकला आणि ती निघून गेली. इतक्या शहाणपणाने आमच्या गावाने दुसरी कोणतीही गोष्ट केल्याचे मला स्मरत नाही. शेटजींनी शेवटचे मडके जाताना पाहिले आणि हात जोडले. साडूंनी प्रथमच श्वास सोडला.

उरलो आम्ही आगमंडळी. आम्हालाही घरे होती आणि घरात चुली होत्या. म्हणून आम्ही पाण्याची भांडी तेथेच ठेवली आणि आपापला विस्तव उचलला. साऱ्या गावाला मडक्यांचा नेम लावणाऱ्या आमच्यापैकी एकापाशीही मडके नव्हते, कारण सकाळपासून आमच्या हातात पाणी होते. कोणी जळती गोवरी चिमट्यात धरली, कोणी करवंटीत निखारे घेतले. साडूंकडे आक्काने पाठविलेली लोखंडी कढई होती. तिलाही झाकण नव्हते. असे आम्ही ओळीने पेठेतून चाललो. मन हलके झाले होते. कोणी तरी शेटजींची नक्कलही करीत होता. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली.

कोणाच्या गोवरीची ठिणगी उडाली हे कधीच कळले नाही. कडेच्या एका गासडीतून धुराची रेघ निघाली. आम्ही जागच्या जागी खिळलो. पाणी मागे राहिले होते, पेठेतले रांजण गोणपाटे भिजविण्यात रिकामे झाले होते. हात रिकामे नव्हते. हातातले खाली टाकावे तर जमिनीवर कापसाचे पुंजके लोळत होते. आणि होळीचा विस्तव पायाखाली तुडविण्याची कोणाची छाती नव्हती. चार वर्षे जिची वाट पाहिली ती आग समोर होती, आणि गावातले यच्चयावत आग विझविणारे हातात आग घेऊन तिच्याकडे पाहत होते.

ज्यांच्या घरी होळी नव्हती ते चाचा पाठीवर पखाल घेऊन मागून आले. आमची रांग पाहून ते ओरडले, "अरे बाबा, आग हाथ में लेके आग कौन बुझाता है?"

तेव्हा साडू भानावर आले. "टाका! सारा विस्तव माह्या कढईत टाका!" आम्ही टाकला. कढई काठोकाठ भरली. तिचे कान तापू लागले. धरायला कापड नव्हते, उपरणे गासड्यांवर होते. खाली ठेवायला जागा नव्हती. जन्मभर ज्या क्षणासाठी हा माणूस तयारी करीत आला त्या क्षणी तो पेठेच्या मधोमध निखाऱ्यांनी भरलेली कढई धरून उभा होता आणि त्याला एक थेंब पाणी टाकता येत नव्हते. त्याला फक्त ओरडता येत होते. "आकडी घाला! वरून पानी नका टाकू, चाचा, थांबा! वढा! मैदानात न्या! फाडा तिले!" आम्ही ढिगांना टेकवून ठेवलेल्या आकड्या घातल्या, गासडी ओढून उघड्या जमिनीवर आणली आणि फाडली. आत विस्तव लाल होऊन बसलेला होता, अगदी चोरासारखा. चाचांनी पखालीचे तोंड मोकळे केले.

मी एक ओले गोणपाट ओढून घेतले आणि कढई धरायला धावलो. साडू ती सोडीनात. "साडभाऊ, आधी पाहा. धूर निघून राह्यला काय?" मी म्हणालो, "नाही." त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. चाचांनी फाडलेल्या गासडीत खांद्यापर्यंत हात घातला, इकडून तिकडे फिरविला आणि सांगितले, "ठंडा है भाई. छोड़ दो." मग त्यांनी कढई सोडली. त्यांच्या तळव्यांकडे मी एकदाच पाहिले.

शेटजी धावत आले. सारे ढीग पांढरे उभे होते आणि मैदानात एक गासडी विस्कटून पडली होती. साडू म्हणाले, "आकड्या घ्या शेटजी. एक जयली."

शेटजींनी ती गासडी पायाने उलथून पाहिली. मग ढिगांकडे पाहिले. मग ते धुळीतच बसले. तेथूनच म्हणाले, "जळली कुठं? हे त भिजली. भिजल्याचं काही बोलनं झालं नवतं."

हसण्याची सुरुवात आरडाओरडा ऐकून परतलेल्या पाटलांनी केली. मग कोणीच थांबेना. मीही हसलो असे लोक सांगतात. आक्का मडके घेऊन आली, तिने नवऱ्याचे हात पाहिले, आणि कढईतले दोन निखारे मडक्यात घालून वर घट्ट झाकण ठेवले.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली. भाव कोसळले, चांदीच्या शेंब्या उतरल्या. आगगाडी आली आणि कापूस उघड्यावर पडेनासा झाला. आगमंडळी कोणी मोडली नाही. एकेका बाजाराला एकेक गडी येईनासा झाला, एवढेच. साडू जाऊनही आता पुष्कळ काळ लोटला. त्यांच्याविषयी कोणी विचारले तर मी सहसा गमतीच्याच गोष्टी सांगतो.

परंतु मला स्वतःला आठवते ती धुळवडीनंतरची सकाळ. गाड्या अखेर मिळाल्या होत्या आणि पेठेतला सारा कापूस अकोल्याच्या वाटेला लागला होता. साडू दोन्ही हातांना फडकी बांधून वेशीत उभे होते. गाडी गेली की दुसऱ्या गाडीकडे पाहत. एका परगावच्या गाडीवानाने कासरा आखडून विचारले, "काय झालं जी हाताइले?"

साडू म्हणाले, "काही नाई. होयी घरी नेत होतो."

गाडीवानाला अर्थ लागला नाही. तो हसला आणि त्याने बैल हाकले. शेवटची गाडी वळणाआड जाईपर्यंत साडू हलले नाहीत. मी त्यांच्याजवळ उभा राहिलो.