बांधावरून पोर्तुगाल

नव्वदच्या दशकात बँकेच्या बदलीने मी कुंभकोणमला होतो. एका संध्याकाळी नाचियारकोविलजवळ बस बंद पडली. शेताच्या बांधावर एक प्रौढ बाई हॅम रेडिओ, म्हणजे दूरदेशीच्या हौशी लोकांशी बोलायचं यंत्र, घेऊन बसल्या होत्या. एरियलची तार नारळाच्या झाडाला बांधलेली, रेडिओ आणि लॅपटॉप एकाच बॅटरीवर. मी मराठी आहे हे कळताच लॅपटॉपकडे बोट दाखवून त्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, “बैसा. प्रोग्राम सांगतो, आता पोर्तुगाल ऐकूं येईल.”

बराच वेळ त्या माइकवर हाका मारत राहिल्या, पण नुसती खरखर. बॅटरी उतरू लागली, तसा त्यांनी लॅपटॉप बंद केला.

“त्यानें वाट दाखविली. हाक मींच मारली पाहिजे.”

पुन्हा हाका. अखेर पोर्तुगालहून एक पुसट आवाज आला. बाईंनी इंग्रजीत पहिलं विचारलं ते, जेवलात का? मग माझ्याकडे वळून हसल्या, “जेवला म्हणे!”

जणू घरचंच कुणी जेवलं होतं.